सहकुटुंब समुद्रकिनारी

डिसेंबर महिना उजाडला की सीमाभागातील आमच्या गावांतून गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या भरू लागतात. 3 डिसेंबरला जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियरचा सण असतो. नोव्हेनाच्या दिवसांत कोणी बसने, कोणी भाड्याच्या टेंपोने, तर कोणी पायी चालत तेथे पोहोचतो. मिस्सा होते, मेणबत्त्या लावून होतात, आणि मग मुले आईचा पदर ओढू लागतात. त्यांस समुद्र पाहावयाचा असतो. इतक्या लांब आलोच आहोत तर जाऊन येऊ, असे वडीलधारी मंडळीही म्हणतात. प्रश्न एवढाच उरतो की जावयाचे कोठे? गोव्याचा सर्वांत चांगला समुद्रकिनारा कोणता?

हा प्रश्न आम्हांस अनेकांनी विचारला आहे. चित्रांच्या पुस्तकांतून याचे उत्तर शोधणाऱ्यास निळे पाणी, पांढरी वाळू आणि माडांची रांग सर्वत्र सारखीच दिसते. आमचा मापदंड निराळा आहे. ज्या किनाऱ्यावर आजी सावलीत बसू शकते, लहानग्यांस वाळूत मनसोक्त खेळता येते, तरुण मुलांवर कोणाचे तरी जाणते लक्ष असते आणि जेथून निघताना घरातील एकही माणूस उणे होत नाही, तो किनारा सर्वांत चांगला. सौंदर्य त्यानंतर येते. आणि सांगावयास आनंद वाटतो की गोव्यात ते पुष्कळ आहे.

आज आम्ही मडगावच्या आसपासच्या किनाऱ्यांविषयी लिहीत आहोत. त्याचे कारण साधे आहे. आमच्या बहुतेक वाचकांस मडगाव सोयीचे पडते. ग्वाल्हेर, पुणे, बेळगाव या मार्गाने येणारी गोवा एक्सप्रेस लोंढ्यावरून घाट उतरून मडगावास थांबते. वडोदऱ्याकडील मंडळींस 1998 साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने सरळ येथे उतरता येते. जुन्या गोव्याहूनही मडगाव फार दूर नाही. शिवाय मडगावच्या पश्चिमेस सासष्टीचा जो किनारा आहे, तसा सलग किनारा गोव्यात अन्यत्र नाही. उत्तरेस वेळसांवपासून दक्षिणेस साळ नदीच्या मुखापर्यंत वीस किलोमीटरहून अधिक लांबीची वाळूची एकच पट्टी पसरली आहे. गावांची नावे बदलत जातात, वाळू मात्र तुटत नाही.

या पट्टीवरील सर्वांत नावाजलेले गाव कोलवा. मडगावपासून ते सुमारे सहा किलोमीटरवर आहे आणि बसगाड्या वारंवार सुटतात. कोलव्याची इगर्ज आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. तेथील बाळ येशूच्या मूर्तीचा फामाचा सण ऑक्टोबरात भरतो आणि दूरदूरचे भाविक त्यास येतात. कोलव्याच्या किनाऱ्यावर गर्दी असते, दुकाने असतात, गोंगाटही असतो. शांततेच्या शोधात असलेल्याने तेथे जाऊ नये. परंतु समुद्र प्रथमच पाहणाऱ्या कुटुंबास आम्ही तरीही कोलवाच सुचवू. तेथे जीवरक्षक असतात, कपडे बदलण्याची सोय असते, जेवणखाण मिळते, आणि काही अघटित घडले तर मडगावची इस्पितळे जवळ आहेत. गर्दीचा हा एक गुण आपण विसरतो, की ती पाहत असते. एक सूचना मात्र ध्यानात ठेवावी. कोलव्याच्या वाळूतून एक ओहोळ समुद्रास मिळतो. त्यात सांडपाणी मिसळत असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. उथळ दिसले तरी त्या पाण्यात मुलांना खेळू देऊ नये.

कोलव्याच्या दक्षिणेस बाणावली. परशुरामाने सोडलेला बाण येथे पडला, अशी आख्यायिका या नावामागे सांगतात. आपणांस हे गाव आणखी एका कारणाने जवळचे आहे. 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबो येथे संतपद पावलेले जुझे वाझ यांचा जन्म 1651 साली याच बाणावलीत झाला, आणि तेथील संत जॉन बाप्तिस्ताच्या इगर्जीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आधी इगर्ज, मग किनारा, असा क्रम ठेवला तर एकाच फेरीत दोन्ही साधते. बाणावलीस कोलव्याहून गर्दी कमी असते. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, सुकत घातलेली जाळी आणि मासळीची उस्तवार करणाऱ्या बायका मुलांनी अवश्य पाहाव्यात. समुद्र म्हणजे केवळ सहलीची जागा नव्हे, तो कोणाचे तरी शेतही आहे, हे शाळेतील पुस्तकाहून तेथे लवकर कळते.

आणखी दक्षिणेस वार्का, केळशी आणि मोबोर ही गावे येतात. येथील वाळू स्वच्छ असून चालावयास फार सुखाची आहे. मात्र मोबोरच्या टोकाशी साळ नदी समुद्रास मिळते आणि पलीकडे बेतूल दिसते. हे दृश्य डोळ्यांत साठवावे, आणि पाय कोरडे ठेवावे. नदी आणि समुद्र जेथे भेटतात तेथे पाणी दोहोंकडून ओढ घेते. ओहोटी लागली की नदीचे सारे पाणी त्या अरुंद वाटेने बाहेर धावते. कोणत्याही नदीच्या मुखाशी स्नान करू नये, हा नियम केवळ साळ नदीपुरता नाही.

कोलव्याच्या उत्तरेस बेताळभाटी, माजोर्डा, उतोर्डा, आरोशी आणि वेळसांव. ज्यांना शांतपणा हवा आहे त्यांनी या बाजूस वळावे. माजोर्ड्यास रेल्वेचे छोटे स्थानक आहे. आरोशीसाठी कांसावली स्थानक जवळचे पडते. जानेवारीच्या आरंभी जाणाऱ्यांस येथे एक जुना सण पाहावयास मिळेल. 6 जानेवारीस कांसावली, आरोशी आणि कुवेली या तीन गावांतील तीन मुलगे राजांच्या वेषात घोड्यांवर बसून डोंगरावरील रेमेदियस मातेच्या कपेलात जातात. त्या टेकडीवरून खाली पाहिले असता माडांची हिरवी पट्टी, तिच्यापुढे वाळूची पिवळी रेघ आणि त्यापलीकडे समुद्र असे तीन रंग एकाखाली एक दिसतात. म्हाताऱ्या माणसांना वाळू तुडविण्याचा त्रास नको असेल, तर समुद्रदर्शनास ही जागा उत्तम.

मुक्काम दोन दिवसांचा असेल तर दक्षिणेस काणकोणपर्यंत जावे. तेथील पाळोळे मडगावपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. दोन्ही बाजूंस डोंगराची टोके पुढे आली असल्याने पाळोळ्याचा किनारा चंद्रकोरीसारखा वळलेला आहे आणि खुल्या समुद्राची लाट आत शिरताना मवाळ होते. हिवाळ्यात लहान मुलांना पाण्यात पाय बुडविण्यास याहून सोयीची जागा आम्हांस माहीत नाही. उत्तरेच्या टोकाशी एक लहानसे बेट आहे. ओहोटीत तेथवर चालत जाता येते. भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी, नाहीतर जाताना जी वाट गुडघाभर पाण्यात होती ती येताना सापडत नाही.

पाळोळ्याजवळचेच आगोंद दिसावयास अधिक देखणे, परंतु तेथील लाट जोरकस आणि पाण्याची ओढ मोठी आहे. तेथे फिरावे, बसावे, स्नानाचा मोह आवरावा. आगोंद आणि सुरूच्या बनासाठी प्रसिद्ध असलेले गालजीबाग हे दोन्ही किनारे सागरी कासवांच्या विणीसाठी राखलेले आहेत. ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या महिन्यांत रात्री वाळूवर येते, खळगा उकरून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. पन्नासेक दिवसांनी पिले बाहेर पडतात व प्रकाशाच्या रोखाने पाण्याकडे धावतात. म्हणूनच तेथे रात्री विजेऱ्या पाजळणे, शेकोटी पेटविणे किंवा कुंपण घातलेल्या घरट्यांशी जाणे वर्ज्य आहे.

येथवर आम्ही जागा सांगितल्या. आता ज्यासाठी ही लेखणी मुख्यतः उचलली ते सांगतो.

दरवर्षी गोव्याच्या किनाऱ्यावर माणसे बुडतात, आणि त्यांत घाटावरील गावांतून आलेले तरुण असतात. ती बातमी वाचताना लोक म्हणतात, त्यास पोहता येत नसावे. बहुधा तसे नसते. विहिरीत आणि तळ्यात लहानपणापासून सूर मारणारा मुलगाच समुद्रात पुढे जातो, कारण त्यास पाण्याचे भय उरलेले नसते. विहिरीचे पाणी उभे असते. समुद्राचे पाणी चालत असते. हा एक भेद ज्याने जाणला नाही, त्याची विहिरीतील सारी विद्या समुद्रात निरुपयोगी ठरते.

हे पाणी चालते कसे, ते समजून घेणे कठीण नाही. लाटा एकामागून एक येऊन किनाऱ्याशी पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जाणारच. काठापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली वाळूचे लांबट उंचवटे असतात. त्या उंचवट्यांत जेथे खिंड पडलेली असते तेथून जमलेले पाणी वेगाने बाहेर पडते, जसे शेताच्या बांधाला खांड पडली की सारे पाणी तिकडेच धावते. समुद्रातील या प्रवाहाची रुंदी थोडी असते, पण जोर असा की पट्टीचा पोहणाराही त्याच्या उलट जाऊ शकत नाही. आणि फसवणूक येथेच आहे. दोन्ही बाजूंस लाटा फुटून फेस उसळत असतो आणि मधला पट्टा शांत, काहीसा गडद दिसतो. अनोळखी माणूस तीच जागा निवांत समजून निवडतो. पाण्यात उतरण्यापूर्वी वाळूवर उभे राहून दहा मिनिटे लाटा पाहाव्यात. जेथे लाटा फुटत नाहीत आणि गढूळ पाणी किंवा फेस समुद्राकडे वाहताना दिसतो, ती जागा टाळावी.

असा प्रवाह माणसास तळाशी ओढत नाही, तो बाहेर नेतो. माणूस बुडतो तो काठाकडे परत येण्याच्या झटापटीत दमून. म्हणून प्रत्येक तरुणास हे पाठ करून द्यावे: ओढ लागली तर झगडू नये, पाठीवर तरंगावे, हात उंच करून हाक मारावी, पोहावयाचे तर काठास समांतर, आडवे पोहावे, आणि ओढ संपल्यावरच लाटांबरोबर काठाकडे वळावे.

2008 सालापासून गोवा सरकारने किनाऱ्यांवर जीवरक्षकांची व्यवस्था केली आहे. त्यांचे मनोरे दुरून दिसतात. लाल आणि पिवळा असे दोन रंग असलेले निशाण ज्या जागी लावलेले असते त्या दोन निशाणांच्या मध्येच स्नान करावे. नुसते लाल निशाण असेल तर पाण्यात उतरू नये. जीवरक्षकाने शिटी वाजविली की काहीजणांस अपमान वाटतो, चार माणसांत आपणांस टोकले असे वाटते. तो मुलगा दिवसभर उन्हात उभा असतो तो आपल्या मुलासाठी. तेथे पोहोचताच त्याच्याकडे जाऊन, "बाबा, आज पाणी कसे आहे?" असे विचारण्यात कोणाचाही मान कमी होत नाही. जीवरक्षक दिसला नाही तर एखाद्या कोळीबांधवास विचारावे. ज्याचे पोट समुद्रावर चालते तो समुद्राविषयी खोटे सांगणार नाही.

स्नानास सकाळची वेळ उत्तम. अंधार पडू लागला की मुलांना पाण्याबाहेर काढावे. दारू घेतलेल्यास पाण्यात जाऊ देऊ नये, मग तो घरचा कर्ता का असेना. पाणी कमरेच्या वर येऊ देऊ नये, आणि लहान मूल सदैव हाताच्या अंतरावर असावे. आमच्या भगिनींनी नऊवारी किंवा सहावारी नेसून लाटांत उतरू नये. भिजलेले लुगडे पायांत गुरफटते आणि गुडघाभर पाण्यातही माणूस पडतो. खडकांवर उभे राहून छायाचित्रे काढण्याचा सोस तर सर्वथा टाळावा. शेवाळलेला खडक आणि अवचित आलेली लाट मिळून क्षणात घात करतात.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्र केवळ पाहण्याची वस्तू समजावी. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. 29 जूनला संत पेत्रुसाच्या सणास बार्देशातील कोळीबांधव होड्या जोडून सांगड सजवितात, गाणी म्हणतात; परंतु कांदोळीची ती सांगड चालते खाडीच्या पाण्यात, खुल्या समुद्रात नव्हे. जन्म पाण्यात गेलेली माणसे त्या दिवसांत समुद्राचा मान राखतात, तर वर्षातून एकदा येणाऱ्या आपण तो किती राखावा?

एवढी काळजी घेऊनही कोणी ओढला गेलाच तर काय करावे, हेही माहीत असावे. एकास वाचविण्यास दुसरा उडी घेतो, त्याच्यामागे तिसरा, आणि एका घरातील दोन-तीन माणसे जातात, असे वारंवार घडले आहे. मागोमाग उडी घेऊ नये. जीवरक्षकास हाक मारावी, 112 या क्रमांकावर दूरध्वनी करावा, आणि हाताशी असेल ते तरंगणारे साधन त्याच्याकडे फेकावे. झाकण घट्ट लावलेला प्लास्टिकचा रिकामा डबा किंवा मोठा चेंडूही एका माणसास काही काळ तोलून धरतो. बाहेर काढलेल्याचे पोट दाबणे, त्यास उलटे टांगणे किंवा गरगर फिरविणे हे जुने उपाय घातक आहेत. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास बंद असेल तर त्यास पाठीवर निजवून तोंडाने श्वास द्यावा व छातीच्या मध्यावर जोराने, भराभर दाब देत राहावे. ही कृती चित्र पाहून नीट येत नाही. आपल्या धर्मग्रामातील युवकमंडळाने एखाद्या रविवारी परिचारिकेस किंवा डॉक्टरांस बोलावून ती शिकून घ्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. सहलीची वर्गणी गोळा करण्याआधी हे एक काम व्हावे.

राहिला प्रश्न वागणुकीचा. किनारा कोणाच्या तरी अंगणासारखा आहे. सासष्टीत रापण ओढणारे अजून दिसतात. होडीने पाण्यात लांब गोल जाळे टाकतात आणि त्याचे दोन्ही दोर धरून माणसांच्या दोन रांगा ते काठाकडे ओढतात. नशीब असेल तर त्यात बांगडे आणि तारले चमकू लागतात. यांत्रिक बोटी काठाजवळ येऊन ही मासळी उपसू लागल्या तेव्हा 1970 नंतरच्या दशकात या रापणकारांनी मोठे आंदोलन केले, आणि 1980 साली गोव्यात समुद्री मासेमारीचा कायदा झाला. अशा कष्टाने राखलेल्या जागी आपण पाहुणे आहोत. ओढत्या दोरावरून उड्या मारू नयेत, जाळ्यावर पाय देऊ नये. ताजी मासळी हवी असेल तर योग्य दाम देऊन घ्यावी.

टेंपोत चूल, सरपण आणि पातेली घालून किनाऱ्यावर स्वयंपाक करण्याची आपल्याकडील गटांस सवय आहे. ती आता सोडली पाहिजे. 2019 साली गोवा सरकारने कायद्यात दुरुस्ती करून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे व मद्यपान करणे यांवर बंदी घातली असून त्यास दंड आहे. घरून भाकरी, चटणी आणि उसळ बांधून न्यावी. तिची चव समुद्राच्या वाऱ्यात दुणावते. रिकाम्या बाटल्या व कागद परत आणावे. फुटलेली बाटली वाळूत दिसत नाही, ती अनवाणी चालणाऱ्या कोळिणीच्या पायास सापडते.

वाळूच्या टेकाडांवर जांभळ्या फुलांचा एक वेल पसरलेला दिसेल. त्याचे नाव मर्यादवेल. तो आपल्या मुळांनी वाळू धरून ठेवतो आणि वारा व लाटा यांपासून मागच्या गावाचे रक्षण करतो. मुलांनी तो उपटू नये. जेथे हा वेल संपतो तेथून समुद्राचे राज्य सुरू होते. जुन्या माणसांनी त्यास हे नाव विचारपूर्वक दिले असावे.

तेव्हा वाचकहो, यंदा सणाहून परतताना समुद्राकडे अवश्य वळा. म्हातारी माणसे असतील तर टेकडीवरून पाहा, तान्ही मुले असतील तर पाळोळ्यास जा, पहिलीच खेप असेल तर कोलवा बरे, आणि मनास विसावा हवा असेल तर उतोर्डा-आरोशीची वाळू तुडवा. निघताना गाडीत बसलेली डोकी मोजा, आणि परत बसताना पुन्हा मोजा. दोन्ही वेळा आकडा एकच भरला, तर तुम्ही निवडलेला किनारा गोव्यातील सर्वांत चांगला होता असे खुशाल समजा.